पाणथळ वनस्पतींवर संशोधन करायचंय : विषय कसा ठरवू, जागा कुठे शोधू?

काठावरचा

नमस्कार. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतोय, शेवटचं सत्र चालू आहे. प्रकल्प म्हणून एका तळ्याच्या काठावरच्या लव्हाळ्या-मोथ्यांची, म्हणजे सायपरेसी कुळातल्या जातींची यादी केली. यादी पूर्ण झाली, मार्कही बरे मिळतील. पण काम करताना एक गोष्ट डोक्यात बसली ती काही जात नाही. काठावरून पाण्याकडे चालत गेलं की झाडं पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात. आधी मोथे, मग पाणकणीस, मग तरंगत्या पानांची कमळवर्गीय झाडं, मग नुसतं पाण्याखालचं. काही ठिकाणी ही हद्द अगदी दोरी लावून आखल्यासारखी. सरांना विचारलं तर म्हणाले, "खोलीमुळे." असेलही. पण खोली हळूहळू वाढते, मग झाडं एकदम का बदलतात?

याच दिशेने पीएचडी किंवा रिसर्च मास्टर्स करावं असं वाटतंय, जगात कुठेही. पण 'वेटलँड प्लांट' असं शोधलं की एकतर पक्षी सापडतात नाहीतर सांडपाणी शुद्धीकरण. झाडांची इकॉलॉजी करणारे लोक आहेत तरी कुठे? शिवाय १९८० च्या आसपासचे पेपर वाचले की वाटतं, सगळं झालंय, आपल्यासाठी काय उरलं? आणि शेवटचं : माझं गणित बेताचं आहे आणि मला पोहता येत नाही. हसू नका.

उपग्रहवाला

माझा सरळ सल्ला, रिमोट सेन्सिंग शिका. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि फुकट आहे. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो, पिक्सेल १० मीटरचा. ढग आडवे आले तर रडार आहेच. एल-बँडचं, म्हणजे लांब लहरींचं रडार तर झाडोऱ्याच्या आत शिरून खाली पाणी साचलंय का तेही सांगतं. नासा-इस्रोचा निसार उपग्रह २०२५ मध्ये वर गेला तो त्याच जातीचा. चिखलात उतरून चौकोन आखून त्यातली झाडं मोजायचे दिवस आता सरत आले. पाणथळ जागांचे नकाशे करणाऱ्याला आज जितकी मागणी आहे तितकी मोथे ओळखणाऱ्याला नाही, वाईट वाटलं तरी.

लव्हाळी

उपग्रहवाले, तुमचं अर्धं मान्य. पण १० मीटरच्या पिक्सेलमध्ये हा म्हणतोय तो अख्खा पट्टा मावतो, पाणकणसापासून कमळापर्यंत. त्याचा प्रश्न तुमच्या एका ठिपक्याच्या आत बसलाय! आणि नकाशावर 'दाट उभी वनस्पती' असा रंग भरल्यावर ती नेमकी कोणती, हे सांगायला कुणीतरी चिखलात उतरावंच लागतं. रिमोट सेन्सिंग जरूर शिकावं, पण हातातली ओळख सोडून नव्हे. मोथे फुलोऱ्याशिवाय ओळखता येणारी माणसं कमी आहेत. ज्याला ते जमतं त्याला कुठल्याही पाणथळ प्रकल्पात जागा मिळते, हे मी या क्षेत्रात दहाएक वर्षं काढून सांगतेय.

आता काठावरचा यांच्याकडे. पोहण्याचं आधी उरकते. या कामाचा बराच भाग गुडघा ते कंबरभर पाण्यात होतो. बुडण्यापेक्षा गाळात पाय रुतून बसणं हीच नेहमीची भानगड. एकट्याने उतरायचं नाही, हातात काठी ठेवायची, रुतलात तर पाय ओढत न बसता मागे रेलून वजन पसरायचं. बोटीवर जीवरक्षक जाकीट. तरी सवडीने पोहायला शिकाच, काही संशोधन केंद्रं बोटीवर चढू देण्याआधी पोहण्याची परीक्षा घेतात.

"खोली हळूहळू वाढते, मग झाडं एकदम का बदलतात?" हे वाक्य जपून ठेवा. अर्जातला पहिला परिच्छेद तुमच्याकडे तयार आहे. सरांचं "खोलीमुळे" चूक नाही, अपुरं आहे. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर लोकांनी हयात घातली आहे.

पहिली, मुळांचा श्वास. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यात साधारण दहा हजार पट हळू पसरतो. माती पाण्याखाली गेली की त्यातला उरलासुरला प्राणवायू जीवाणू लवकरच संपवतात. मग ते नायट्रेटवर जातात, मग मँगनीज, लोह, सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनवणाऱ्यांचं राज्य. या उतरणीवर सल्फाइडसारखी विषं तयार होतात. त्यात तग धरायला झाडांनी खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या केल्या, त्या ऊतीला एरेंकायमा म्हणतात. काही झाडांत हवा नुसती झिरपत नाही, चक्क वाहते. डेसी यांनी १९८० मध्ये पिवळ्या कुमुदिनीत, म्हणजे न्युफारमध्ये, दाखवलं की कोवळ्या पानांतून हवा आत शिरते, देठातून खाली कंदापर्यंत जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. एका देठातून दिवसाला २२ लिटरपर्यंत. पंप कसला, तर उन्हाने तापलेल्या पानातला दाब! मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

दुसरी, शेजारी. ग्रेस आणि वेट्झेल यांनी १९८१ मध्ये पाणकणसाच्या दोन जातींवर प्रयोग केला. रुंद पानांची टायफा लॅटिफोलिया उथळ पाण्यात, अरुंद पानांची अँगस्टिफोलिया खोल पाण्यात, असं निसर्गात दिसतं. त्यांनी दोघींना वेगवेगळं वाढवून पाहिलं, तर अरुंद पानांची उथळ पाण्यातही मजेत वाढली. म्हणजे खोल पाणी तिची आवड नव्हती, रुंद पानांचीने ढकलल्यामुळे ती तिकडे गेली होती. रुंद पानांचीला मात्र खोल पाणी खरंच झेपत नाही. तुमच्या 'दोरी लावल्यासारख्या' हद्दीचं एक उत्तर इथे आहे. खोली बदलते हळूहळू, पण कोण कुणावर सावली धरणार याचा निकाल एका ठिकाणी एकदम फिरतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची, वेळ. आज दिसतो तो पट्टा आजच्या खोलीने ठरलेला असेलच असं नाही. पाणकणीस उगवायला उघडा ओला गाळ लागतो, खोल पाण्याखाली त्याचं रोप धरत नाही. एकदा मोठं झालं की मात्र ते गड्ड्यांच्या जोरावर पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहतं. म्हणजे तुम्ही मोजताय ती खोली आजची आणि झाडांची हद्द मात्र कधीतरी तळं आटलं होतं त्या सालची. व्हॅन डर व्हाक यांनी १९८१ मध्ये हे सूत्रबद्ध केलं. पाणथळ जागा म्हणजे चाळणी, पाणी चढलं-उतरलं की चाळणीची भोकं बदलतात, आणि त्यातून कोण पार होणार ते तीन गोष्टींवर ठरतं : झाडाचं आयुष्य किती, बी किती टिकतं, आणि उगवायला काय लागतं. कॅनडातल्या डेल्टा मार्शमध्ये १९८० च्या दशकात बांध घालून दलदलीचे दहा कप्पे केले आणि वर्षानुवर्षं पाणी चढवून-उतरवून हे सगळं तपासलं.

म्हणून माझं एकच ठाम म्हणणं आहे. विषय झाडाच्या नावावरून ठरवू नका, पाण्याच्या वेळापत्रकावरून ठरवा. आणि जागा अशी शोधा जिथे ते वेळापत्रक तुमच्या आधीपासून कुणीतरी नोंदवून ठेवलंय. पीएचडी तीन-चार वर्षांची असते. तळ्यांची चक्रं कधी पाच वर्षांची, कधी वीस-तीस वर्षांची. तुमच्या वाट्याला नेमकी सगळी ओली वर्षं आली, तर कोरड्या वर्षाबद्दल काय लिहिणार? जुन्या नोंदी असलेली जागा म्हणजे तुम्हाला उसनं मिळालेलं आयुष्य.

अशा जागा आहेत. अमेरिकेत चेसापीक उपसागराकाठी स्मिथसोनियन संस्थेचं पर्यावरण संशोधन केंद्र आहे, तिथल्या खाऱ्या दलदलीत १९८७ पासून वाढीव कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग चालू आहे, एका बाजूला सी-३ लव्हाळा आणि दुसऱ्या बाजूला सी-४ गवत (सी-३, सी-४ म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती). उत्तर मिनेसोटात स्प्रूस नावाचा प्रयोग आहे. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याच्या थराच्या दलदलीवर उघड्या छताचे मोठे कक्ष उभारून शून्य ते नऊ अंशांपर्यंत तापमान वाढवलंय, हवेपासून खोल पीटपर्यंत. तापवलेल्या कक्षांतलं स्फॅग्नम शेवाळ झपाट्याने मागे हटलं. आणि पीट बनतं ते मुख्यतः त्याच्यापासूनच! फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये फॉस्फरस वाढला तसं करवतगवत हटून पाणकणीस पसरलं, तिथला दीर्घकालीन अभ्यास २००० पासून चालू आहे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, व्हर्जिनियात, मॅसॅच्युसेट्सच्या प्लम आयलंडला याच एलटीईआर, म्हणजे अमेरिकेतल्या दीर्घकालीन इकॉलॉजी संशोधनाच्या जाळ्यातली खाऱ्या दलदलीची केंद्रं आहेत. आफ्रिकेतल्या ओकावँगो त्रिभुज प्रदेशासाठी बोट्स्वाना विद्यापीठाची संस्था मौनला आहे. पीटसाठी जर्मनीतलं ग्राइफ्सवाल्ड. प्रयोगशाळेतल्या टाक्यांपासून मैदानापर्यंत जाणारं काम हवं असेल तर नेदरलँड्समधल्या नायमेखेनचं रॅडबाउड विद्यापीठ. मातीच्या रसायनाकडे ओढा असेल तर फ्लोरिडा विद्यापीठ आणि लुइझियाना स्टेट. मास्टर्सच करायचं तर आयएचई डेल्फ्ट, व्हिएन्नाचं बोकू आणि केनियाचं एगर्टन मिळून लिम्नॉलॉजी (गोड्या पाण्याचा अभ्यास) आणि पाणथळ व्यवस्थापनाची पदवी चालवत आले आहेत, तिचीही चौकशी करा.

'सगळं झालंय' हे मात्र डोक्यातून काढा. चाळणीचं सूत्र झालंय, चाळणीत काय-काय अडकतं ते बरंचसं बाकी आहे. व्हॅन डर व्हाक यांनी पाहिली ती गोड्या पाण्याची, थंड प्रदेशातली, बर्फाने खोदलेली तळी. उष्ण कटिबंधात, जिथे दर वर्षी पूर येतो आणि दर वर्षी सगळं आटतं, तिथे त्या तीन गुणांचा मेळ कसा बसतो यावर काम तोकडं आहे. काँगो खोऱ्यातली पीटची दलदल घ्या. तिचा पहिला नीट नकाशा छापला गेला २०१७ मध्ये, त्यात ती निघाली १,४५,५०० चौरस किलोमीटर! भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ ला गुरंम्हशींना चराईबंदी झाली आणि पास्पॅलम गवत उथळ पाण्यात माजलं. चरणारं जनावर हे पाणथळ झाडांसाठी पाण्याइतकंच मोठं बटण असू शकतं, हे त्यातून दिसलं. पण कुठे किती चराई पुरे, याचं सर्वत्र चालेल असं उत्तर नाही.

आणि मला सध्या सगळ्यांत मोह पडतो तो जुन्या बियांचा. स्मिथसोनियनच्या त्याच दलदलीच्या आसपासच्या गाळातून शंभरेक वर्षांपर्यंतची जुनी लव्हाळ्याची बीजं काढून उगवली, आजच्या रोपांशेजारी वाढवली आणि मुळांच्या ठेवणीत फरक सापडला. २०२३ मध्ये ते 'सायन्स'मध्ये आलं. म्हणजे समुद्र चढत असताना झाडही बदलतंय, आणि त्या बदलाने दलदलीची गाळ साचवण्याची क्षमता बदलते. इकॉलॉजी, उत्क्रांती आणि किनाऱ्याची अभियांत्रिकी, तिन्हींची गाठ एका बीमध्ये. यात 'सगळं झालंय' कुठे दिसतं?

गणिताचं उद्या लिहिते. हात दुखले.

काठावरचा

लव्हाळीताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पाणकणसाचा तो वेळेचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. मी प्रत्येक चौकोनाची खोली मोजली, पण ती एकाच हंगामातली. गणिताची वाट बघतोय.

अजून एक. सात-आठ प्राध्यापकांना मेल टाकले होते. "मला पाणथळ इकॉलॉजीत तीव्र रस आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी." एकाचंही उत्तर नाही. यात काय चुकतंय?

लव्हाळी

चुकतंय काय, तर त्या मेलमध्ये तुम्ही नाही आहात. 'तीव्र रस' सगळ्यांनाच असतो. तुम्ही जो प्रश्न इथे दोन ओळींत विचारलात तो त्यांना विचारा. असं काहीतरी : तुमचा अमुक पेपर वाचला, त्यात हद्द पाण्याच्या सरासरी खोलीशी जोडली आहे, मी माझ्या तळ्यावर तीच जात वेगळ्या खोलीला थांबलेली पाहिली, हा फरक पाणी किती दिवस टिकतं त्यामुळे असेल का? सोबत जातींची यादी आणि एक आलेख. दहा ओळींच्या आत. मग शेवटी विचारा की येत्या वर्षात विद्यार्थी घेणार आहात का. अशा मेलला नकार आला तरी बहुधा कुणाचं तरी नाव सोबत येतं. आणि मुख्य माणसाने उत्तर दिलं नाही तर त्याच गटातल्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याला लिहा, ती माणसं मेल वाचतात.

कुठे लिहायचं हे देशागणिक बदलतं. उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी मार्गदर्शक, मग प्रवेश. त्याच्याकडे प्रकल्पाचे पैसे असतील किंवा विभाग शिकवण्याचं काम देईल, तरच गाडी पुढे जाते. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन-नॉर्वे इकडे पीएचडी ही बरेचदा पगारी नोकरी असते, जागेची जाहिरात निघते, तिला अर्ज करायचा. तिथे उगाच 'संधी द्यावी' असं लिहून उपयोग नाही, जाहिरातीची वाट पाहा आणि आली की मुदतीत तुटून पडा. जाहिराती शोधायला युरोपासाठी युराक्सेस हे संकेतस्थळ, अमेरिकेसाठी इकॉलॉजिकल सोसायटीची इकोलॉग यादी, शिवाय सोसायटी ऑफ वेटलँड सायंटिस्ट्स. ती १९८० पासूनची संघटना आहे, विद्यार्थ्यांना छोटी संशोधन अनुदानंही देते. स्मिथसोनियनच्या फेलोशिपचा अर्ज वेगळा असतो, त्यात तिथल्या शास्त्रज्ञाशी आधी बोलून प्रस्ताव लिहावा लागतो.

शोधताना 'वेटलँड प्लांट इकॉलॉजी' ही अक्षरं विसरा. बरीचशी कामं दुसऱ्याच नावाखाली दडलेली असतात. 'ब्लू कार्बन' म्हणजे खारफुटी, खारी दलदल आणि समुद्रगवत यांत साठलेला कार्बन. 'मिथेन फ्लक्स' म्हटलं की त्यात झाडांच्या खोडातून निघणारा मिथेन येतोच, कारण मुळांकडे हवा नेणारी तीच नळी उलट दिशेने मिथेन बाहेर सोडते. शिवाय 'इकोहायड्रॉलॉजी' (पाणी आणि सजीवांचं नातं), 'पॅल्युडिकल्चर' (ओल्या पीटवरची शेती), 'रिवेटिंग' (कोरडी केलेली दलदल पुन्हा ओली करणं), 'इन्व्हेजन बायोलॉजी' (बाहेरून येऊन माजणाऱ्या जातींचा अभ्यास). नळगवताचं, म्हणजे फ्रॅगमायटिसचं उदाहरण पाहा. उत्तर अमेरिकेत ते आधीपासून होतंच, मग गेल्या शतकात एवढं माजलं कसं? २००२ मध्ये जनुकीय तपासणीतून कळलं की माजलेला वंश बाहेरून आलेला, दिसायला जवळजवळ तसाच. हे काम 'वनस्पती इकॉलॉजी' म्हणून शोधलंत तर सहज हाती लागणार नाही.

आता गणित. तुम्हाला कलनशास्त्र नाही लागणार, पण नमुना म्हणजे काय हे हाडात मुरलेलं लागेल. हर्लबर्ट यांचा १९८४ चा पेपर आहे खोट्या पुनरावृत्तीवर, तो आधी वाचा. एका तळ्यातले तीस चौकोन म्हणजे तळ्यांबद्दलचे तीस पुरावे नव्हेत, तळं एकच आहे. पाणथळ कामात हा सापळा जागोजागी आहे, कारण बांधलेलं तळं एक, न बांधलेलं एक, आणि लोक दोघांत पन्नास-पन्नास चौकोन टाकून मोकळे होतात. मुलाखतीत प्रस्तावावर पहिला हल्ला इथेच होतो. त्यानंतर 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका. मिश्र मॉडेल (गटागटाने घेतलेल्या नमुन्यांचं विश्लेषण) आणि ऑर्डिनेशन (जातींच्या मिश्रणावरून जागांची मांडणी), एवढ्यावर पीएचडीचा मोठा भाग निघतो. गणित बेताचं असलेली कितीतरी माणसं यात उत्तम काम करतात. आळशी नमुनेकारी करणारी मात्र बुडतात, पोहता येत असलं तरी.

अवजारांना घाबरू नका. भोकं पाडलेली पीव्हीसी नळी गाळात रोवली की पाण्याची पातळी मोजता येते, तिच्यात दाबमापक लॉगर सोडला की ती दर तासाला आपोआप नोंदली जाते. फक्त हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर बाहेर ठेवायला विसरू नका, नाहीतर वादळात हवेचा दाब उतरला की तुम्ही पाणी ओसरलं असं समजाल. गाळात प्राणवायू आहे की नाही ते पाहायला प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात. ते परवडत नसतील तर लोहाच्या ऑक्साइडचा रंग दिलेल्या नळ्या काही आठवडे गाळात खुपसून ठेवतात. जिथे रंग विरघळून गेला तिथे लोह क्षपित झालं, म्हणजे प्राणवायू संपलेला. पट्ट्यापट्ट्याने नळ्या रोवल्यात तर तुमची ती दोरीसारखी हद्द नळीवर उतरते का ते दिसेल.

गमबूट

लव्हाळी यांनी संशोधनाचं सगळं सांगितलं, मी पोटापाण्याचं सांगतो. मी विद्यापीठात नाही, पाणथळ जागांची पाहणी करणाऱ्या कंपनीत आहे. अमेरिकेत जागा पाणथळ ठरते की नाही हे पाणी, माती आणि झाडं या तिन्हींवरून ठरवतात, लष्कराच्या अभियंता दलाची १९८७ ची पुस्तिका अजून त्याचा पाया आहे. प्रत्येक जातीला एक दर्जा दिलेला असतो, जवळपास कायम पाणथळातच सापडणारी, बहुधा पाणथळात, दोन्हीकडे सारखी, असा. म्हणजे तुमचे मोथे ओळखता आले नाहीत तर कायद्याची रेघच आखता येत नाही. आमच्याकडे नव्या मुलांत ड्रोन उडवणारे ढिगाने येतात. कोरड्या हंगामात फुलोरा नसलेला लव्हाळा हातात दिला की शांतता पसरते. तुम्ही यादी केलीत ना, तिला 'नुसती यादी' म्हणू नका. वाळवलेले नमुने हर्बेरियमला द्या, क्रमांक घ्या, अर्जात तो क्रमांक लिहा.

बांधीव पाणथळात, म्हणजे सांडपाण्यासाठी मुद्दाम केलेल्या दलदलीतही काम आहे. ज्याला तुम्ही वैतागलात ते. त्याची सुरुवात १९५० च्या दशकात जर्मनीत कॅटे झायडल या बाईंनी लव्हाळ्यांवरच्या प्रयोगांनी केली, त्या वनस्पतिशास्त्रज्ञच होत्या. त्या दाराने आत शिरून पुढे निखळ इकॉलॉजीकडे गेलेले लोक मला माहीत आहेत.

उपग्रहवाला

बरं बाबा, मोथेवाल्यांना मागणी आहे, शब्द मागे घेतो. पण काठावरचा, प्रत्येक चौकोनाचे अक्षांश-रेखांश चांगल्या जीपीएसने घेऊन ठेवा. उद्या माझ्यासारखा कुणीतरी तुमच्या नोंदींवर नकाशा तपासेल आणि पेपरवर तुमचं नाव येईल.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. अक्षांश-रेखांश आहेत. हर्बेरियमचं याच आठवड्यात करतो.

ताई, सत्र संपायला अजून काही महिने आहेत. तेवढ्यात तुमच्या चाळणीचा एखादा छोटा प्रयोग करता येईल का? म्हणजे मेलमध्ये दाखवायला काहीतरी हातात असेल. महागडं काही परवडणार नाही.

लव्हाळी

येईल की. गाळातल्या बीजसाठ्याचा करा. व्हॅन डर व्हाक आणि डेव्हिस यांनी १९७८ मध्ये आयोवातल्या ईगल लेकवर हेच केलं होतं, आणि त्याला ट्रे, वाळू, पाणी आणि चिकाटी यापलीकडे फारसं काही लागत नाही.

प्रत्येक पट्ट्यातून वरच्या पाच सेंटिमीटर गाळाचे गाभे, म्हणजे नळी खुपसून काढलेले उभे नमुने घ्या. एका पट्ट्यातले बरेच लहान गाभे घेणं हे एक मोठं ढेकूळ घेण्यापेक्षा चांगलं, कारण बिया गाळात विखुरलेल्या नसतात, घोळक्याने पडलेल्या असतात. मुळं आणि गड्डे निवडून काढून टाका, नाहीतर बी उगवलं की तुकडा फुटला ते कळणार नाही. लगेच पसरता येत नसेल तर थंडाव्यात ठेवा, गोठवू नका. मग वाळूवर साधारण सेंटिमीटरभर जाडीचा थर पसरा, त्याहून जाड केलात तर खालच्या बियांना उजेड मिळत नाही आणि पाणवनस्पतींची पुष्कळ बारीक बीजं उजेडाशिवाय उगवतच नाहीत.

प्रत्येक गाळाचे दोन भाग करा. एक नुसता ओला, एक दोन-तीन बोटं पाण्याखाली. इथेच तुमचा सगळा प्रश्न आहे. तोच गाळ, त्याच बिया, आणि दोन ट्रेमध्ये दोन वेगळी रानं उगवतील. ओल्यात मोथे, पाणकणीस, काठावरची वर्षायू झाडं, पाण्याखालच्यात कारा शैवाल आणि पाण्याखाली राहणाऱ्या जाती. मग ते तळ्यातल्या उभ्या झाडांच्या यादीशी ताडून पाहा. तुमच्या यादीत नसलेलं काहीतरी गाळात नक्की सापडेल, आणि यादीत असलेलं काहीतरी गाळात अजिबात नसेल, ते गड्ड्यांवर जगणारं. हाच आलेख मेलला जोडा.

रोपं ओळखता आली की लगेच उपटून मोजा. न ओळखता येणारी वेगळ्या कुंडीत लावून फुलोरा येईपर्यंत वाढवा. मोथ्यांची रोपं तर सगळी सारखीच दिसतात, तिथे घाई करू नका. ट्रेची जागा दर आठवड्याला अदलाबदल करा. आणि मधेमधे निव्वळ वाळूचे, भाजून निर्जंतुक केलेले ट्रे ठेवा. पाणकणसाचं बी वाऱ्यावर कुठूनही उडत येतं, त्या रिकाम्या ट्रेमध्ये ते उगवलं तर तेवढे आकडे वजा करावे लागतील.